दोर का तुटतो? घेताना, बांधताना आणि ओढताना

“पंप वीस किलोचा. दोर नवाकोरा. दुकानदार म्हणाला होता, पाचशे किलो सहज धरेल. मग तुटला कसा?” मे महिन्यात पेडण्यातल्या विहिरी तळाला जातात, बांय उपसायला घेतली जाते आणि हा प्रश्न हमखास येतो. चवथीच्या तोंडावर तो माटोळीबद्दल येतो, गोकुळाष्टमीला हंडीबद्दल, शाळांच्या क्रीडामहोत्सवात रस्सीखेचीबद्दल आणि भर पावसात डिचोलीच्या लाल चिखलात रुतलेल्या पिकअपबद्दल. विचारणारे वेगवेगळे असले तरी गोंधळ एकच असतो. सगळे जण वजनाचा हिशेब करतात. दोर मात्र ताणाने तुटतो. हा ताण वजनाच्या पाचपट, दहापट, कधी वीसपट होतो. तो कशाने वाढतो ती कारणे मोजकी आहेत आणि ती ओळखायला इंजिनियर असावे लागत नाही. एक साधी मोजपट्टी आणि थोडा गुणाकार पुरतो.

आधी एवढे समजून घ्या

वस्तूत माल किती आहे ते तिचे वस्तुमान. पंप विहिरीत असो की ओट्यावर, ते बदलत नाही. पृथ्वी त्या मालाला खाली ओढते ते वजन. आणि दोराचा एक भाग शेजारच्या भागाला ज्या बळाने ओढून धरतो तो ताण. वीस किलोचा पंप दोराला निवांत लटकत असेल तर ताण वीस किलो. तुम्ही तो संथ, एकसारख्या गतीने वर घेत असाल तरीही वीसच. गती बदलली, म्हणजे पंप झटक्याने उचलला, घसरला किंवा मध्येच अडवला, की ताण बदलला.

सोयीसाठी या लेखात ताण किलोमध्ये दिला आहे. चांगल्या दोराच्या वेष्टनावर तो किलोन्यूटनमध्ये छापलेला असतो. एक किलोन्यूटन म्हणजे साधारण १०२ किलो.

दुकानदार सांगतो तो आकडा बहुतेक वेळा तुटण्याचा असतो: नवा, कोरडा, बिनगाठीचा दोर यंत्रात सरळ ओढला तर ज्या ताणाला तुटेल तो. त्या आकड्यावर काम करायचे नसते. सामानासाठी त्याचा पाचवा हिस्सा धरा, दोराला माणूस लटकणार असेल तर दहावा. पाचशे किलोला तुटणाऱ्या दोरावर शंभर किलोपर्यंतचे सामान चालेल, आणि माणूस अजिबात नाही.

हिसक्याचा हिशेब

पंप खाली सोडताना हातातून दोर निसटतो, पंप मीटरभर घसरतो, मग कुणीतरी दोर घट्ट पकडतो. हा ताण काढायची रीत अशी: किती अंतर पडला त्याला किती अंतरात थांबला त्याने भागा, एक मिळवा आणि वजनाने गुणा. अठरा किलोचा पंप एक मीटर घसरला आणि दोर-गाठ मिळून दहा सेंटिमीटरमध्ये थांबला, तर एकाला ०.१ने भागून दहा, अधिक एक म्हणजे अकरा, गुणिले अठरा. ताण १९८ किलो. हा सरासरी आकडा झाला. क्षणभरापुरता ताण त्याच्या दुपटीजवळ जाऊ शकतो.

आता सुरुवातीच्या त्या पाचशे किलोच्या दोराकडे पाहा. टोकाला साधी निरगाठ, म्हणजे ताकद निम्मी: अडीचशे. विहिरीच्या काठाचा जांभा दगड खरखरीत, त्याच्या धारेवर दोर घासलेला, म्हणजे आणखी कमी. त्यावर चारशेच्या आसपासचा हिसका. दोर नवा असूनही तुटला, आणि खोटे कुणीच बोलले नव्हते.

घरी एक प्रयोग करून पाहा, मुलांनाही दाखवा. नारळाला वरून एक आणि खालून एक असे बारीक शिवणदोऱ्याचे दोन सारखे तुकडे बांधा. वरचा दोरा नारळाचे वजन जेमतेम पेलेल इतपत पदर घ्या. नारळ टांगा आणि खाली गोणपाट अंथरून पाय बाजूला ठेवा. खालचा दोरा हळूहळू ओढला तर वरचा तुटतो, कारण त्याच्यावर नारळाचे वजन आणि तुमची ओढ दोन्ही येतात. तोच खालचा दोरा फाडकन हिसकला तर खालचा तुटतो आणि नारळ जागच्या जागी राहतो. जड वस्तूला हलायला वेळ लागतो, आणि ती हलण्याआधीच दोऱ्यातला ताण त्याच्या मर्यादेपलीकडे गेलेला असतो. वस्तुमान दोर तोडते ते असे. रुतलेल्या गाडीला हिसका देऊन दोर का तुटतो आणि गाडी का हलत नाही, हे या नारळात दिसते.

म्हणून विहिरीवर काम करताना:

- दोराचा मोकळा भाग हातात साठवू नका. दोर खांबाला किंवा झाडाच्या बुंध्याला एक-दोन वेढे देऊन सोडा. घसरला तरी वेढ्यांचे घर्षण त्याला सावकाश धरते.
- दोर हाताला किंवा मनगटाला कधीच गुंडाळू नका.
- काठावर जाड पोत्याची घडी किंवा पाइपाचा उभा चिरलेला तुकडा ठेवा.
- कप्पी वापरत असाल तर ती ज्या तुळईला टांगली आहे तिच्याकडे आधी पाहा. पन्नास किलो वर घेताना दोराच्या दोन्ही बाजूंना पन्नास-पन्नास ताण असतो, म्हणून तुळईवर शंभर किलो येतात. दोर शाबूत राहून जुनी तुळई खाली येते, ती यामुळे.

बोअरवेलचा पंप काढायचा असेल तर वजन पुन्हा मोजा. बत्तीस मिलिमीटर आतल्या व्यासाच्या पाइपात दर मीटरला सुमारे ०.८ लिटर पाणी मावते. साठ मीटर पाइप पाण्याने भरलेला वर येत असेल तर नुसते पाणीच ४८ किलो. त्यात पंप, पाइप, केबल धरली की वीस किलोचे काम शंभराच्या आसपास जाते.

झोल: आडव्या दोराची फसवणूक

आडवा दोर जितका ताठ तितका मजबूत, असे आपल्याला वाटते. डोळ्यांना ते नीटनेटके दिसते, म्हणून मंडळातली पोरे दोर कचकचून ओढून बांधतात. पण दोर पूर्ण आडवा असेल तर मधल्या वजनाला वर धरायला त्याच्याकडे उभी ओढ उरतच नाही. थोड्याशा तिरक्या भागातून ती काढावी लागते आणि त्यासाठी ताण प्रचंड वाढतो.

सूत्र लक्षात ठेवा: दोन टोकांमधली रुंदी भागिले मधला झोल, भागिले चार, गुणिले वजन. झोल कमी असतो तेव्हा हे उत्तर बिनधास्त वापरता येते.

दहा मीटर रुंद रस्त्यावर दहा किलोची हंडी टांगली आहे असे समजा.

- झोल एक मीटर: ताण सुमारे २५ किलो.
- झोल अर्धा मीटर: ५० किलो.
- झोल पाव मीटर: १०० किलो.

पाव मीटर झोलाच्या त्या दोराला हंडी फोडणारा साठ किलोचा गडी लोंबकळला तर वजन सत्तर होते, आणि हिशेबाने ताण सातशे किलोपर्यंत जातो. दोर लांबला तर झोल वाढून ताण थोडा उतरेल. न लांबणारी तार असेल तर तेवढीही सूट मिळत नाही. दोर टिकला तरी ज्या गॅलरीच्या कठड्याला तो बांधला आहे तो त्या आडव्या ओढीसाठी बांधलेला नसतो. हंडीच्या दोराला लटकू न देणे हा नियम मंडळाने आधीच सांगावा. झोल रुंदीच्या एक दशांशाहून कमी ठेवू नये, म्हणजे ताण वजनाच्या अडीचपटीत राहतो. पताका, दिव्यांच्या माळा, फलक यांनाही हेच लागू आहे. पावसात भिजलेले कापड आणि वारा धरणारा फलक यांचे वजन-ओढ मात्र वेगळी मोजावी लागते. दोर विजेच्या खांबाला बांधू नका.

माटोळीचे गणित त्यामानाने सोपे. लाकडी चौकट छताला चार ठिकाणी टांगलेली असते, दोर उभे असतात, म्हणून चौकटीचे आणि फळांचे वजन चारांत वाटले जाते. अडचण दोन ठिकाणी येते. एक, नारळाची पेंड, सुपारीचे घोस, तोरिंग, दुधी हे सगळे एका कडेला बांधले की दोनच दोरांवर भार जातो. वजनदार फळे चारही कोपऱ्यांत वाटून बांधा. दोन, रानातल्या सालीचे ताजे बंद ओले असताना चिवट असतात आणि चवथीच्या दिवसांत वाळत जातात. शोभेची हलकी फळे त्यांनी जरूर बांधा, ती आपली रीतच आहे. पण नारळाच्या पेंडीला आणि चौकटीला आतून एक पक्का दोर असू द्या. खाली देव असतो आणि घरातली मुले आरतीला तिथेच उभी असतात.

अडकलेल्या वस्तूचे वजन विचारू नका

गाळात रुतलेला पंप, दोन फांद्यांत अडकलेला ओंडका, चिखलातली गाडी. इथे वस्तूच्या वजनाला फारसा अर्थ राहत नाही. वस्तू हलत नाही तोवर दोरातला ताण तुम्ही जितका ओढाल तितका. वीस किलोच्या पंपाला ट्रॅक्टर लावला तर दोराला ट्रॅक्टर जाणवतो. गाळातला पंप ओढत बसण्यापेक्षा थोडा खाली सोडून, थोडा वर घेऊन, पाणी मारून मोकळा करावा.

गाडीचे उदाहरण घेऊ, कारण जखमा इथे गंभीर होतात. दीड टनाची पिकअप पक्क्या सपाट रस्त्यावर ढकलायला वीस-तीस किलोची ओढ पुरते. दहाला एक असा चढ असेल तर त्यात दीडशे किलोंची भर. चाके आसापर्यंत चिखलात गेली असतील तर गाडीच्या वजनाइतकी, म्हणजे दीड टनाची ओढ लागू शकते. आणि मग ओढणारा चालक दोर ढिला ठेवून वेगात पुढे जातो, “हिसक्याने निघेल” म्हणून.

त्या हिसक्याचा हिशेब पाहा. ओढणारी गाडीही दीड टनाची आणि हिसक्यात दोर वीस सेंटिमीटर ताणला जातो असे धरले, तर ताशी ५ किलोमीटर वेगाने गेल्यास सरासरी ताण सुमारे ७४० किलो. ताशी १० किलोमीटरला तो जवळजवळ तीन टन. वेग दुप्पट केला की ताण चौपट. बारा मिलिमीटरचा चांगला नवा नायलॉन दोर साधारण तीन टनांना तुटतो, आणि गाठ मारली असेल तर त्याच्या निम्म्यालाच.

ताणलेल्या दोरात साठलेली शक्ती तुटताना दोन्ही टोकांनी उलट फिरते. टोकाला लोखंडी हूक असेल तर तो गोळीसारखा येतो. म्हणून:

1. आधी चाकांपुढची माती काढा, फळ्या किंवा दगड घाला. ओढ निम्म्याने कमी होते.
2. दोर गाडीच्या ओढण्याच्या मूळ हुकालाच लावा. बंपर, आस, स्टिअरिंगचे दांडे यांना लावू नका.
3. ओढणारी गाडी आधी अगदी सावकाश पुढे घ्या, दोर ताठ होऊ द्या, मगच जोर लावा.
4. दोराच्या मध्यावर ओले गोणपाट टाका. दोर तुटला तर ते उसळी दाबते.
5. माणसे दोराच्या लांबीच्या दीडपट दूर उभी करा. दोराच्या रेषेत कुणीही नको, आणि दोर ओलांडायचा नाही.

हीच काळजी केरी-तेरेखोल फेरीबोटीवर चढताना घ्या. बोट काठाला लागत असताना ताणलेल्या दोराजवळ दुचाकी उभी करून थांबू नका. खलाशी बाजूला व्हायला सांगतो ते तुमच्याच पायांसाठी.

रस्सीखेच: दोन्ही बाजू मिळवायच्या नसतात

शिक्षकांकडून आणि मंडळांकडून सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न: एका बाजूने आठ जण, प्रत्येकाची ओढ साठ किलो, म्हणजे ४८०. दुसऱ्या बाजूनेही ४८०. मग दोरावर ९६० किलो ना?

नाही, ४८०च. पटत नसेल तर एक संघ काढून टाका आणि दोराचे ते टोक माडाला बांधा. माड जागचा हलत नाही, म्हणजे तोही ४८० किलोंनीच उलट ओढतो आहे. दुसऱ्या संघाच्या जागी माड आला, एवढाच फरक. दोराला तो कळतही नाही.

पण हा ताण दोरभर सारखा नसतो. शेवटच्या गड्याच्या मागे तो शून्य असतो, प्रत्येक गडी आपली ओढ घालत जातो आणि दोन संघांच्या मधल्या भागात तो सर्वाधिक होतो. रापण ओढणाऱ्यांना हे हातांनीच ठाऊक असते: काठावरच्या टोकाला दोर सैल आणि पाण्याकडच्या गड्याच्या हातात ताठ. म्हणून रस्सीखेचीच्या दोराचा मधला भाग आधी तपासा. खूण म्हणून तिथे गाठ मारू नका, रंगीत चिकटपट्टी लावा.

मोठ्या कार्यक्रमात “अजून पाच या, अजून दहा या” होते तिथे खरा धोका आहे. माणसे वाढली की ताण वाढतो आणि दोर तोच राहतो. २५ ऑक्टोबर १९९७ रोजी तैपेईमध्ये सुमारे सोळाशे माणसांची रस्सीखेच सुरू असताना पाच सेंटिमीटर जाडीचा नायलॉन दोर तुटला आणि उलट फिरलेल्या दोराने दोघांचे हात खांद्याजवळून तुटले. मनगटाएवढा दोर होता तो.

आंतरराष्ट्रीय नियमांत एका संघात आठ जण असतात, दोराचा घेर १० ते १२.५ सेंटिमीटर आणि लांबी किमान ३३.५ मीटर लागते. एवढा जाड दोर ताकदीइतकाच पकडीसाठी असतो. शाळेने हे प्रमाण धरावे: आठाच्या वर संख्या नेऊ नये, दोर हाताला किंवा कमरेला गुंडाळू देऊ नये, फास ठेवू नये, आणि शिट्टीआधी दोर ताठ करून घ्यावा म्हणजे सुरुवातीचा हिसका बसत नाही. प्लास्टिकचा बारीक निळा दोर रस्सीखेचीला कधीच नको. तो तळहात कापतो.

दुकानात काय मागावे

पेडण्याच्या किंवा डिचोलीच्या बाजारात दोर बहुधा किलोवर मिळतो आणि प्लास्टिकच्या सगळ्याच दोरांना नायलॉन म्हणतात. फरक ओळखायची सोपी युक्ती आहे: हातभर तुकडा पाण्याच्या बादलीत टाका. तरंगला तर पॉलिप्रॉपिलीन किंवा त्याच जातीचा, बुडाला तर नायलॉन किंवा पॉलिएस्टर.

- नायलॉन: ताणला जातो, म्हणून हिसका सोसतो. ओला झाला की दहा-पंधरा टक्के ताकद जाते. गाडी ओढायला, होडी बांधायला योग्य. तुटला तर उसळीही मोठी.
- पॉलिएस्टर: कमी ताणला जातो, उन्हात जास्त टिकतो. मंडप आणि कायमच्या बांधणीसाठी.
- पॉलिप्रॉपिलीन: स्वस्त, हलका, पाणी पीत नाही. आठ मिलिमीटरचा चांगल्या प्रतीचा नवा दोर हजार किलोंच्या आसपास तुटतो, बारा मिलिमीटरचा दोन टनांच्या. पण आपल्याकडचे ऊन त्याला खाते. पुनर्वापराच्या प्लास्टिकचा असेल तर हे आकडे विसरा.
- सुंभ, काथ्या: त्याच जाडीच्या नायलॉनच्या मानाने कितीतरी कमकुवत. मात्र खाऱ्या पाण्यात टिकतो, गाठ घट्ट धरतो आणि मातीत मिसळून जातो. कुंपण, वेल, माटोळी, गुरांचे दावे यांसाठी उत्तम.

सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, आणि तेच लक्षात ठेवण्यासारखे आहे: पीळ शाबूत दिसतो म्हणून आतले पेड शाबूत असतील असे नाही. जुना सुंभ उलगडून आत पाहिल्याशिवाय त्यावर भार टाकू नका.

जाडी दुप्पट केली की ताकद जवळजवळ चौपट होते, कारण दोराचे आडवे क्षेत्रफळ चौपट होते. दहाचा पुरेल की बाराचा, अशा शंकेत बाराचाच घ्या.

बिल मागा. त्यावर दोराचा प्रकार, जाडी आणि उत्पादकाचे नाव लिहून घ्या. बिल असेल तरच पुढे दाद मागता येते.

गाठीची किंमत

साधी निरगाठ दोराची जवळजवळ अर्धी ताकद घेते. न घसरणारा डोळा-फास नीट बांधला तर साठ-सत्तर टक्के ताकद उरते. दोराचेच पेड उलगडून परत दोरात विणून केलेल्या डोळ्यात नव्वद टक्क्यांच्या आसपास राहते. होडीवाल्यांना हे विणकाम येते, त्यांच्याकडून एकदा शिकून घ्या. दोर जिथे तीव्र वळतो तिथे बाहेरचे तंतू जास्त ताणले जातात आणि आतले मोकळे राहतात, म्हणून कप्पीचे चाक दोराच्या जाडीच्या निदान आठपट असावे. खिळ्यावरून, लोखंडी पट्टीच्या कडेवरून दोर नेऊ नका.

दोरावर माणूस असेल तर

इथे नियम वेगळे आहेत आणि त्यांत तडजोड नको. पाडेली असो, विहीर साफ करणारा असो की इमारतीला रंग देणारा, त्याच्यासाठी बाजारातला किलोवरचा दोर वापरू नका. माणसासाठी बनवलेला सुरक्षा दोर सुमारे २२ किलोन्यूटनचा, म्हणजे दोन टनांहून जास्त ताकदीचा येतो. त्यासोबत आयएस ३५२१ या भारतीय मानकाचा पूर्ण अंगाचा पट्टा लागतो. कमरेला नुसता दोर बांधून लटकलेल्या माणसाचा श्वास कोंडतो. पडताना हिसका बसला तर बरगड्या आणि पाठीचा कणा मोडू शकतो. सत्तर किलोचा माणूस एक मीटर पडून दहा सेंटिमीटरमध्ये थांबला तर ताण ७७० किलो, हे हिसक्याच्या वरच्याच हिशेबातून निघते. दोर डोक्याच्या वर आणि नेहमी ताठ ठेवा, म्हणजे पडायला अंतरच उरत नाही.

विहिरीत माणूस अडकला तर दुसऱ्याने लगेच उतरू नये. आत हवा विषारी असू शकते, विशेषतः विहिरीत इंजिनाचा पंप चालवला असेल तर. पेडणे आणि डिचोली दोन्हीकडे अग्निशमन केंद्र आहे. १०१ किंवा ११२ लावा, रुग्णवाहिकेसाठी १०८. नारळ काढणाऱ्यांसाठी नारळ विकास मंडळाची केरा सुरक्षा विमा योजना आहे. तुमच्या कुळागरात येणाऱ्या पाडेलीचे नाव तीत आहे का, ते विचारा आणि नसेल तर घालायला मदत करा.

साहसी खेळांत दोराचे गणित आणखी बदलते. मयेच्या तलावावर २०१९पासून बंजी उडी आहे. तिथे आधी तुमचे वजन करतात, कारण रबरी दोर वजनाप्रमाणे निवडावा लागतो. तो कित्येक मीटर ताणला जात असल्याने उंचावरून उडी घेऊनही ताण वजनाच्या साधारण तिपटीत राहतो. वजन खोटे सांगू नका. पॅरासेलिंगमध्ये मात्र तुमच्या वजनाहून वाऱ्याची ओढ मोठी असते, आणि वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की ती चौपट होते. २०२१च्या नोव्हेंबरमध्ये दीवच्या किनाऱ्यावर पॅरासेलिंगचा दोर तुटून एक जोडपे समुद्रात पडले. जीवरक्षक जाकिटांमुळे दोघे वाचले. जानेवारी २०२५मध्ये आपल्या केरीच्या पठारावरून उडालेल्या पॅराग्लायडरच्या अपघातात पर्यटक तरुणी आणि चालक दोघांचाही जीव गेला.

तिकीट काढण्याआधी विचारा:

- पर्यटन खात्याची नोंदणी आहे का? बोट असेल तर कॅप्टन ऑफ पोर्ट्सकडे नोंदलेली आहे का? कागद दाखवा.
- दोर किंवा पट्टा कधी बदलला? वापराची नोंदवही आहे का?
- आजचा वारा किती, आणि किती वाऱ्याला तुम्ही खेळ बंद करता?
- विमा आहे का?

उत्तर टाळले तर परत फिरा. पैसे भरले असतील तरी फिरा.

तुमचे हक्क

“स्वतःच्या जबाबदारीवर” असे छापलेल्या कागदावर सही केली म्हणून सेवेतल्या हलगर्जीबद्दल दाद मागण्याचा हक्क संपत नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सदोष वस्तूबद्दल उत्पादक आणि विक्रेता, सदोष सेवेबद्दल सेवा देणारा जबाबदार धरता येतो. घटनेपासून दोन वर्षांच्या आत तक्रार करा. पेडणे-डिचोलीच्या ग्राहकांसाठी उत्तर गोवा जिल्हा ग्राहक आयोग आहे. वकील सक्तीचा नाही, आणि दिलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही. बाहेरगावचा पर्यटक स्वतःच्या जिल्ह्यातही तक्रार करू शकतो. आधी सल्ला हवा असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५.

तुटलेला दोर टाकू नका. दोन्ही टोकांचे जवळून फोटो घ्या आणि तो बिलासह पिशवीत ठेवा. टोके एकाच जागी सपाट कापल्यासारखी असतील तर धार लागली, लांबलचक विस्कटलेली असतील तर ताण जास्त झाला, वितळून गोळे झालेले दिसले तर घर्षणाने तापला. पुरावा म्हणून तो तुकडा तोंडी सांगण्यापेक्षा जास्त बोलतो.

दोर कधी बाद करावा

दर पावसाळ्यानंतर दोर पूर्ण उलगडा, हातातून हळूहळू जाऊ द्या आणि दर मीटरला पीळ उघडून आत पाहा. पेडांमध्ये भुकटी दिसली, एखादा पेड तुटलेला असला, दोर कुठे बारीक किंवा कडक लागला, प्लास्टिकचा रंग उडून पांढरी कुसे हाताला लागली, किंवा त्याने एकदाही मोठा हिसका खाल्ला असला, तर तो बाद. हिसका खाल्लेला दोर बाहेरून चांगला दिसतो, म्हणूनच तो घातकी. ठेवताना उन्हात, बॅटरीजवळ किंवा डिझेलच्या डब्याशेजारी ठेवू नका. सावलीत खुंटीला, गुंडाळी करून.

आणि बाद केलेला दोर कुंपणावर किंवा गोठ्यात लटकवून ठेवू नका. त्याचे हातभर लांबीचे तुकडे करून मगच टाका. नाहीतर पुढच्या मेमध्ये कुणीतरी तोच उचलून विहिरीकडे जाईल.